उशीर का झाला

मुंबई, ६ डिसेंबर १९३८

प्रिय महानंदास,

दादाचा आशीर्वाद. अप्पांना मातीआड करून तीन महिने झाले आणि मी तुला चार ओळीही धाडल्या नाहीत. कामाचं निमित्त सांगणार नाही. कागद पुढे घ्यायचो, पण तुझ्या नावापुढे हात चालायचा नाही.

चारठाण्यात सगळ्यांना वाटतं, सांबप्पांचा शिवमूर्ती मुंबईत मोठा डॉक्टर आहे. मी करतो ते एवढंच. लघवीच्या पिशवीखाली पुरुषांना एक ग्रंथी असते, तिला प्रोस्टेट म्हणतात. उतारवयात तिथे कॅन्सर होतो. सुईएवढ्या नळ्यांत रेडियम भरून त्या गाठीत खुपसायच्या आणि किती तास ठेवल्या तर गाठ जळते पण माणूस भाजत नाही, ते ताडून पाहायचं. गाठ जागच्या जागी असली तर पुष्कळदा गुण येतो. हाडांत उतरली की आमचं रेडियम काही कामाचं नाही. माझ्या वहीत प्रत्येक रोग्यापुढे एक रकाना आहे, ‘उशीर का झाला’. त्यात मी ऐटीत एकच उत्तर लिहीत आलो, की रोग्याने लाजेपोटी सांगितलं नाही.

गेल्या वर्षीच्या दिवाळीत मी घरी आलो होतो. अप्पांची शिवपूजा तुला ठाऊकच आहे. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन बसले की घर पेटलं तरी हलायचे नाहीत. त्या सकाळी मात्र पूजा अर्धी टाकून, लिंग गळ्यात बांधून ते दोनदा परसात लघवीला गेले. मी ओसरीवरून पाहत होतो. याचा अर्थ मला नाही कळायचा तर कोणाला? आणि तू तर चुलीपाशी स्पष्ट सांगितलंस, “दादा, अप्पा पूजेतनं उठायलेत. लय कुथतेत. तुमी बघा की जरा.” वयोमानानं होतं, गोखरूचा काढा दे, असं म्हणून मी फराळाची ताटली पुढे ओढली.

का, ते सांगतानाही कान तापतात. ती ग्रंथी तपासायची तर गुदद्वारातून बोट घालावं लागतं. परक्यांना रोज करतो. पण बापाला धोतर सोडा म्हणायला जीभ उचलेना. इथे आणून दुसऱ्याला दाखवावं तर सगळे माझेच सोबती, त्यांनी माझ्या अप्पांना उघडं पाहावं हेही सोसेना. सेलूपर्यंत बैलगाडी, पुढे रेल्वे, एवढंच तर होतं. मी एकटाच परतलो. अप्पा माझे रोगी नव्हतेच, तरी परवा वहीत त्यांचं नाव घातलं आणि रकान्यात लिहिलं, मुलाला लाज वाटली.

भाद्रपदात तुझा निरोप आला तेव्हा त्यांची कंबर धरली होती, गाठ हाडांत उतरली होती. मी पोचलो आणि आठव्या दिवशी ते गेले. समाधीची माती ओली असताना सगळ्या भावकीसमोर मी तुझ्यावर ओरडलो, की घरात राहून तुला बापाचं दुखणं दिसलं नाही, मला वेळेवर एका शब्दानं कळवलं नाहीस. तू एक वाक्य बोलली असतीस तर माझं तोंड काळं झालं असतं. तू मान खाली घालून ऐकून घेतलंस. गिरणीतला आपला भुजंग परवा गावाकडून आला. त्याच्याकडून कळलं, की बायका पाणवठ्यावर तुझ्याशी बोलत नाहीत, बापाला हिनंच मारलं म्हणतात.

महानंदा, तुला वाचता येत नाही. गावात आलेलं पत्र व्यंकटराव मास्तर पारावर मोठ्यानं वाचतात आणि निम्मा गाव ऐकतो. म्हणूनच इतकं उघडं लिहिलं आहे. मास्तर, संकोचानं एकही ओळ गाळू नका. महानंदानं मला सांगितलं होतं. ऐकलं नाही ते मी. ऐकणाऱ्यांत कोणाला लघवीला अडत असेल तर त्यानं आजच घरी सांगावं आणि माझ्याकडे यावं. तुझी माफी मात्र या पत्रात मागत नाही. चार माणसांत मागितली तर तुला ‘असू दे, दादा’ म्हणावंच लागेल. ती मागायला मी संक्रांतीला घरी येतो आहे, आणि तू नाही म्हणालीस तरी चालेल.

तुझाच, तोंड दाखवायला कचरणारा,
शिवमूर्ती