हात न लावण्याचं शिक्षण

मुलुंड,
सोमवार, १० फेब्रुवारी १९८६

चि. अनुपमा हीस,
अनेक आशीर्वाद.

काल तू येऊन गेलीस आणि घर विचारात पडलं. आठ महिने अंधेरीच्या इस्पितळात फिजिओथेरपीची मदतनीस म्हणून शिकतेस, म्हणून मथुराआक्काचा प्लॅस्टरमधून निघालेला डावा पाय मोठ्या आशेने तुझ्यापुढे ठेवला. तू दोन्ही पोटऱ्यांवर बॉलपेनने रेघ ओढलीस, शिंप्यासारखी टेप लावलीस, उजवी तेरा इंच, डावी साडेचौदा असं लिहून ठेवलंस, आणि चोळायचं नाही, उद्याच डॉक्टरला दाखवा, असं बजावून निघून गेलीस. आमच्या संस्कृतच्या वर्गात आठ महिन्यांत विद्यार्थी रूपावली तरी संपवतो गं!

तुझा कोर्स बोगस असावा असा मला संशय आहे. तसं नसेल तर रविवारचा तुला कंटाळा आला असावा; हा संशय पहिल्यापेक्षा बळकट आहे. डॉक्टरांनी पुढच्या सोमवारी बोलावलंच आहे. तोवर आक्काने काय नुसती कळ काढायची? खालच्या मजल्यावरच्या शेवंतीबाई बाळंतिणींचे पाय चोळतात. त्यांच्या हाताला गुण आहे, आणि त्यांना टेप लागत नाही.

माया आहे तेवढीच आहे. विश्वास तूर्त तपासणीत आहे.

तुझा,
हरेश्वरकाका


अंधेरी,
मंगळवार, ११ फेब्रुवारी

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आत्ता दुपारी मिळालं. उत्तर चंदरदादाच्या हाती देते आहे. तो टॅक्सी घेऊनच येईल. आत्याला लगेच जवळच्या इस्पितळात न्या. चालवू नका, उचलून न्या.

आता बोगस कोर्सचं. मालिश, शेक, व्यायाम हे आम्ही चार महिन्यांत शिकलो. तेव्हापासून आमच्या शिक्षिका नलिनीबाई रोज एकच गोष्ट खोदून विचारतात: समोरचा पाय आज हातात घ्यायचा की नाही, आणि का? प्लॅस्टरमधून निघालेली पोटरी बारीक झालेली असते. आत्याची फुगली आहे, गरम आहे, दाबली की कळ येते. शिरेत रक्ताची गाठ असू शकते. चोळली तर सुटून छातीत जाऊ शकते, मग जिवावर बेतेल. गाठ आहे की नाही हे डॉक्टर ठरवतील. माझं काम थांबायचं आणि कळवायचं.

रविवारी मी तुमच्या धाकाने नुसतं बजावून निघाले, त्याबद्दल बाईंनी आज मला सगळ्यांसमोर झापलं. तेव्हाच न्यायला हवं होतं, म्हणाल्या. खरं आहे.

काका, शेवंतीबाईंची स्तुती तुम्ही उगीच करणार नाही. त्यांना बोलावलं तर नाही ना?

घाईत आहे. हवं तर रागवा, पण माया आटू देऊ नका.

आपली,
अनु


मुलुंड,
शुक्रवार, १४ फेब्रुवारी

चि. अनु हीस,
आशीर्वाद, या खेपेस जरा ओशाळलेले.

काल संध्याकाळी आक्काच्या खाटेशी तू तासभर बसलीस, तेव्हा मला बोलवेना, म्हणून लिहितो. मंगळवारी चंदर आला तेव्हा त्याला चहावर बसवून, तुला खोटं पाडायला म्हणूनच, मी तुझ्याच रेघेवर टेप लावली. डावी सव्वापंधरा. मग त्याला चहाही संपवू दिला नाही.

पण त्याच सकाळी शेवंतीबाई अर्धा तास चोळून गेल्या होत्या. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, मालिश केली होती का? मी नाही म्हणालो. खोटं बोलल्याबद्दल पोरांना बाकावर उभं करणारा मी! आक्का छताकडे बघत राहिली. भावाची लाज तिला स्वतःच्या पायापेक्षा मोठी वाटली.

गाठ निघालीच. रक्त पातळ करणारी इंजेक्शनं चालू आहेत. आक्काला धाप नाही, छातीत कळ नाही, पण अजून चार दिवस जपायला हवं म्हणतात.

काल चादर सारखी करताना तू वाकून तिच्या पायाचा वास घेतलास, ते मी पाहिलं. तिळाचं तेल दोन दिवसांत जात नाही. आज सकाळी डॉक्टर तिला उठवून बसवणार असं आधी ठरलं होतं. मला राहवेना. त्यांच्या खोलीत जाऊन मालिश झाल्याचं सांगितलं. त्यांनी आक्काचा कागद माझ्याकडे फिरवला. कालच्या तारखेला लिहिलेलं होतं की पायाला मालिश झाल्याचं नातलगाकडून कळलं, तूर्त उठवू नये, छातीकडे लक्ष ठेवावं. डॉक्टर म्हणाले, मालिश कुणी करवली ते मात्र कालच्या त्या मुलीने सांगितलं नाही.

ते मी सांगितलं.

लोभ मागायला तोंड नाही. उरला असेल तेवढा असू दे.

तुझा,
हरेश्वरकाका