बाजेखालचे पाटे

प्रफुल्लदादा,

तुले सांगू नको असं बाबानं बजावलं हाये, म्हणून हे पत्र मी टाकणार नाही. नुसतं लिहून राह्यली.

काल आपल्या जुन्या पिकअपले पुढून स्टॅबिलायझर रॉड बसवला. तू शौकानं स्प्रिंगचे पाटे काढून गाडी खाली बसवली, तेव्हापासून ती वळणावर लय झुकत होती. पुसदच्या घाटात आई डोळेच मिटून घ्यायची.

बुटकी गाडी वावराच्या धुऱ्यावरून जात नाही, आता कापूस काय डोक्यावर आणू, यावरून बाबाचं अन् तुझं भांडण झालं अन् तू पुण्याले गेला. यंदा बोंडअळीनं कापूसच ठेवला नाही, तं धुऱ्यावर कोण जाते? आई मात्र तुझ्या त्या बुटक्या गाडीत कोणाचा हात न धरता चढते.

गाडी जॅकवर असतानाच मी रॉडचे नट आवळले. बाबानं सगळे ढिले केले. म्हणे, "आधी चाकं भुईले टेकू दे. वजन पडल्यावर आवळ, नाहीतं रबर फाटते."

रॉड कुठून आणला, इचारलं तं बाबा पाना पुसाले लागला. संध्याकाळी झाडताना पाह्यलं, बाजेखाली तुझे काढलेले पाटे नव्हते. गाडी परत उंच करायची म्हणून बाबा त्यायले दरसाल तेल लावून ठेवत होता. आई म्हणे, भंगारवाल्याले तेच देऊन रॉड घेतला.

आता गाडी तू केली तशीच राहीन.

तुझी,
वैष्णवी