हाताला कोमट लागलेले इंजिन

मी, हाल्वर एरिक ट्वेट, वय वर्षे ब्याऐंशी, व्यवसाय गुरे व गहू, राहणार स्टेन्सरूड वस्ती, उत्तर मोन्टाना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. डॉक्टरांनी मला वसंत ऋतूपर्यंतची मुदत दिली आहे. अशी मुदत देणे त्यांच्या हातात नाही, हे मी त्यांना सांगितले नाही, कारण ते वयाने लहान आहेत आणि दमलेले दिसत होते. माझी बुद्धी स्थिर आहे व स्मरणशक्ती शाबूत आहे. ती थोडी कमी शाबूत असती तर माझी झोप बरी झाली असती. मला कोणीही भरीस घातलेले नाही. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. व्यवस्था पाहण्याचे काम आमच्या मंडळीच्या पाद्री क्रिस्टिन ओमडाल यांच्याकडे सोपवतो.

१. माझा देह पत्नी इंगेबोर्ग हिच्या डाव्या हाताला पुरावा. मृत्यू हिवाळ्यात आल्यास गोठलेली जमीन फोडायला यंत्र आणू नये. माती मऊ होईपर्यंत थांबावे, मला घाई नाही. प्रार्थना जुन्या पुस्तकातल्या म्हणाव्यात. गिटार नको.

२. घर, कोठार आणि सर्व जमीन मुलगी बेरिट हिला देतो. तिने येथे येऊन राहावे अशी अट नाही. माझ्याशी फोनवर बोलताना तिला नेहमी घाई असते. ती लहान असताना ती घाई मला असे, म्हणून तक्रार करण्याचा हक्क मला नाही.

३. बोल्ट मोजून आवळण्याचा माझा पाना शेजारी ओर्व्हिल स्कार याला देतो. तो १९९८ पासून त्याच्याकडेच आहे. इतकी वर्षे दर रविवारी उपासनेनंतर त्याचा हात हातात घेताना मी देवाचा नव्हे, त्या पान्याचा विचार करीत आलो. ते पाप माझे, पाना त्याचा. उरलेली हत्यारे पाद्रींनी गरजवंतांना वाटावीत.

४. ग्रीक आणि लॅटिन पुस्तके पाद्रींना. समासात मी लिहिलेली टिपणे पुष्कळ ठिकाणी रागाच्या भरात लिहिलेली आहेत. त्यांना प्रमाण मानू नये.

५. हे कलम मालमत्तेचे नाही, तरीही ते येथेच असावे.

या भागात कोणी जुनी डिझेल पिकअप घेणार असला, की मला बरोबर नेत असे. माझे मत ठरलेले होते. गाडीचा पत्रा गंजलेला चालेल, बैठक फाटकी चालेल, पण इंजिन सहा सिलिंडरचे, एका ओळीतले, यांत्रिक पंपाचे हवे. त्यात संगणक नको. माळावर ते बंद पडले तर माणसाला ते हातोडी आणि पान्यांनी उघडता आले पाहिजे. असे इंजिन निवडण्याची रीत अशी की भल्या सकाळी जावे, कोणी किल्ली फिरवण्याआधी इंजिनावर उघडा हात ठेवावा आणि ते हाडापर्यंत थंड असेल तरच पुढे जावे. मग सुरू करून धुराचा रंग पाहावा, तेलाचे झाकण उघडून खालून किती जोराने हवा येते ते पाहावे; जोर जास्त म्हणजे आतल्या पिस्टनच्या कड्या गेलेल्या. गरम इंजिन आपले दुखणे लपवते. हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवले आहे, की मुलेही ते माझ्या आवाजात म्हणून दाखवीत.

२०१४ च्या डिसेंबरात लायल नूर्डाल याने मला बोलावले. चाळीस गुरे, पत्नी मार्गिट आणि वडिलांकडून आलेला कोरडा माळ, एवढा त्याचा संसार. तो जी पिकअप घेणार होता ती माझा धाकटा भाऊ सिगुर्ड याची होती. बांधावरच्या विहिरीवरून सिगुर्ड आणि मी बारा वर्षे बोलत नव्हतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, इंगेबोर्गच्या दफनाच्या दिवशी, तो बटाट्याच्या पोळ्यांचे ताट घेऊन दारात उभा राहिला आणि मी त्याला आत घेतले.

त्या सकाळी पारा शून्याखाली तीस अंश होता. मी हातमोजा काढून इंजिनावर हात ठेवला. ते कोमट होते. इंजिन रात्रभर ऊबदार ठेवणाऱ्या हीटरची वायर गुंडाळून खुंटीला नीट टांगलेली होती. थंडीत आम्ही सगळेच ती वायर लावतो, त्यात लपवण्यासारखे काही नाही. पण मी आदल्या दिवशी लायलच्या तोंडून निरोप धाडला होता की वायर लावू नये. माझ्या मनात एकच विचार आला: हा फसवतो आहे. तोंडाने मी काहीच बोललो नाही. विचारले असते तर दोन महिन्यांचा भाऊ पुन्हा गमावला असता, असे मला वाटले. तेलाचे झाकणही मी उघडले नाही. इंजिन पहिल्या फेऱ्यात सुरू झाले.

लायलने विचारले, "लांबच्या कुरणात बंद करून ठेवली तर चालेल ना? डिझेल जाळत उभी करणं जिवावर येतं."

मी म्हणालो, "बिनधास्त बंद कर. हे इंजिन तुला दगा देणार नाही."

घरी त्याची गाडी रात्रभर वायरीवर असे, म्हणून दोन महिने काहीच कळले नाही. फेब्रुवारीच्या अकरा तारखेला तो गुरांच्या पाण्यावरचा बर्फ फोडायला लांबच्या कुरणात गेला, गाडी बंद केली आणि अडीच तास काम केले. परतला तेव्हा इंजिन गार पडले होते. बॅटरी संपेपर्यंत तो किल्ली फिरवत राहिला असावा. मग वारा सुटला, बर्फ उडू लागला आणि तो चालत निघाला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो कुंपणाच्या तारेशी बसलेला सापडला. तेथून रस्ता दीड मैलावर होता.

दफनानंतर चर्चच्या तळघरात कॉफी घेताना लोकांनी मला कारण विचारले. मी म्हणालो, "डिझेल गोठलं असणार. डिझेलात थंडीचं औषध घालायला विसरला." मार्गिट म्हणाली की तो कधीच विसरत नसे, रिकामी बाटली गाडीतच आहे. लोकांनी तिच्याकडे दयेने पाहिले आणि माझे खरे मानले. शेजाऱ्याविषयी खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा मी तीस वर्षे त्याच तळघरात मुलांना शिकवली होती. तेव्हापासून आजतागायत येथे कोणी निष्काळजीपणा केला, की लोक लायलचे नाव घेतात.

ती पिकअप मी मार्गिटकडून मागून आणली आणि कोठाराचे दार लावून इंजिन उघडले. दोन सिलिंडरमधल्या पिस्टनच्या कड्या तुटलेल्या होत्या. वायरीवर ऊब मिळेपर्यंतच ते इंजिन जिवंत होते. सहाही पिस्टन फडक्यात बांधून कोठारातल्या लाकडी पेटीत ठेवले आहेत. ज्याला शंका असेल त्याने पाहावेत.

मुदत कळल्यावर, गेल्या महिन्यात, मी सिगुर्डला पहिल्यांदा विचारले की त्या सकाळी वायर त्याने लावली होती काय.

"लावली होती की, पहाटेच. तुझी बोटं थंडीत आखडतात, म्हटलं उगाच ताटकळायला नको," तो म्हणाला.

निरोप मिळाला नव्हता काय, असे मी विचारले. तो म्हणाला की मिळाला होता. पण हाल्वरला आपल्या दारात थंडीत उभे करायचे नाही, असे त्याने ठरवले होते. कड्यांचे त्यालाही माहीत नव्हते, कारण त्याच्याकडेही ती गाडी सदा वायरीवरच असे. मग तो माझ्याकडे पाहत राहिला.

"तू हात ठेवलास ना इंजिनावर. मला वाटलं, तुला कळलंच. तुझ्यापेक्षा जास्त कळणारा आहे कोण इथे?"

म्हणजे ज्या खोटेपणासाठी मी जवळजवळ दहा वर्षे भावाला मनातल्या मनात क्षमा करीत होतो, तो त्याने केलाच नव्हता. एक प्रश्न विचारायचा होता. त्याने उत्तर दिले असते, मी गाडी रात्रभर गार होऊ दिली असती आणि लायल जगला असता. या गोष्टीचा दोष सर्वस्वी माझा आहे, सिगुर्डचा नाही आणि लायलचा तर मुळीच नाही.

हे मार्गिटला ठाऊक आहे का, असे सिगुर्डने विचारले. मी म्हणालो, मृत्युपत्र वाचतील तेव्हा कळेल.

"तुझं बरं आहे. आणि तिला काही विचारायचं असेल तर तिनं कुणाला विचारायचं?"

६. माझी स्वतःची पिकअप मार्गिट नूर्डाल हिला देतो. (हे कलम खोडले आहे. कारण पुढे.)

७. हे कलम दहा दिवसांनंतर लिहीत आहे. मी मार्गिटच्या स्वयंपाकघरात बसून पाचवे आणि सहावे कलम तिला वाचून दाखवले. ती भांडी पुसत होती. वाचून होईपर्यंत एकच बशी पुसत राहिली. मग म्हणाली, "गाडी नको मला. आणि हे मेल्यावर वाचायचं असेल तर तेही नको. तळघरात बोलला होतात ना? तिथेच बोला."

गेल्या रविवारी मी तळघरात उभा राहिलो आणि सर्व सांगितले. पुरुषांनी आपापल्या कपात पाहिले. ओर्व्हिल म्हणाला की आता इतक्या वर्षांनी कशाला उकरायचे. मार्गिट त्याला म्हणाली, "तुझ्या तोंडी परवापर्यंत लायलचं नाव होतं, ओर्व्हिल." माझ्या टेबलावरची माणसे हळूहळू उठून गेली आणि मी त्यांना दोष देत नाही. सिगुर्ड बसून राहिला.

८. सबब माझी पिकअप विकावी. विकताना माझे नाव सांगू नये. ती एक रात्र उघड्यावर, वायरीशिवाय ठेवावी आणि सकाळी घेणाऱ्याने स्वतःच्या हाताने सुरू करावी. न झाल्यास भंगारात द्यावी. जे पैसे येतील ते माळावरच्या रस्त्याला दर मैलाला खांब पुरण्यासाठी वापरावेत, म्हणजे उडत्या बर्फात पायी निघालेल्याला दिशा सापडेल.

९. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये, असा संकेत आहे. सिगुर्डने आपण होऊन सांगितले की त्याला काही नको, सही करायची आहे. दुसरा साक्षीदार मला मिळत नव्हता. मार्गिट काल दुपारी स्वतः आली, उभ्यानेच सर्व पाने पुन्हा वाचली आणि तिने पेन मागितले. मी आभार मानू लागलो तेव्हा तिने मला थांबवले आणि काय लिहायचे ते सांगितले. तिचे शब्द तिच्या सहीच्या वर, तिने सांगितले तसे लिहिले आहेत.

स्टेन्सरूड, मोन्टाना
दिनांक २१ नोव्हेंबर २०२४
(सही) हाल्वर एरिक ट्वेट

साक्षीदार पहिला: हे लिहिणाऱ्याने माझ्यादेखत सही केली.
(सही) सिगुर्ड ट्वेट, भाऊ

साक्षीदार दुसरी: मी क्षमा केली असे कोणी समजू नये. मी ऐकले, एवढ्याची साक्ष.
(सही) मार्गिट नूर्डाल, लायलची पत्नी