शहाजिऱ्याची कुंडी

अहो,

मी इथे अगदी ठणठणीत आहे. बेकरीमागची खोली भट्टीमुळे उबदार असते आणि जेवणही पोटभर मिळतं, तेव्हा काळजी नको.

काल फोनवर तुम्ही म्हणालात, "तुझं शहाजिरं वाळून गेलं, कुंडीत आता मिरची लावतो." तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. आज पावाच्या पिठात मी दोनदा शहाजिरं घातलं आणि बेकरीच्या उस्तादांची बोलणी खाल्ली. मग धीर करून त्यांनाच कुंडीचं विचारलं. ते म्हणाले, "पहिल्या वर्षी नुसता पाला येतो. थंडीत तोही जातो, पण खाली मूळ जिवंत असतं. फुलं-दाणे दुसऱ्या वर्षी."

वाळण्याआधी कोवळा पाला भाजीत घातलात का? आईंचा खोकला कसा आहे? आपली चिमणी नीट जेवते ना? काल फोनवर ती मला "मावशी" म्हणाली. लहान आहे, चालायचंच. मी हसले, ऐकलंत ना?

कुंडीला पाणी तिच्याच हातून घाला. घालताना रोज तिला सांगा, ही आईची आहे.

मिरची दुसरीकडे लावा.

तुमचीच,
चिमणीची आई