आईची गोळी

ब्रह्मा घाट, वाराणसी
१९९८

प्रिय नाना,

तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली. आज कॉलेजात, औषधाचा पुरावा कसा तपासायचा हे शिकवत होते. एका विद्यार्थिनीनं विचारलं, "मैडम, किसी बड़े डॉक्टर को अपनी गलती मानते देखा है?" "देखा है," म्हणाले आणि पुढे बोलवेना. म्हणून लिहायला बसले.

अटॅकनंतर आईचे ठोके मधेच चुकायचे. तिचे डॉक्टर तुम्हीच; तुम्ही गोळी सुरू केलीत. आठवड्यात कार्डिओग्रामवर ठोके नियमित! किती खूश होतात! तो कागद शेजाऱ्यांनासुद्धा दाखवलात. चार महिन्यांनी आई पूजेची फुलं निवडता निवडता गेली.

पुढच्या वर्षी मी, एम.डी.ची विद्यार्थिनी, लायब्ररीतून एका लेखाची झेरॉक्स आणली. काही पेशंटांना तीच गोळी, काहींना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कुणाला कोणती, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. खऱ्या गोळीवाल्यांचे ठोके सुधारले होते. दगावलेही तेच जास्त.

"माझा तीस वर्षांचा अनुभव आहे!" तुम्ही ओरडलात.

मीही कमी नव्हते. "जे गेले, ते तुम्हाला सांगायला परत आले का, नाना?"

असं बोलायला नको होतं मी. तुम्ही लेख पुन्हा वाचलात. मग हळूच विचारलंत, "म्हणजे तुझ्या आईला मीच...?"

मी गप्प बसले. का बसले?

दुसऱ्या दिवसापासून ती गोळी घेणाऱ्या एकेका पेशंटच्या घरी जाऊन तुम्ही ती बंद केलीत. मिश्राजी म्हणाले, "फायदा तो हुआ था, डॉक्टर साहब!"

"फायदा कागज़ को हुआ, आपको खतरा. गलती मेरी थी."

गुडघे दुखत होते, तरी एकही जिना टाळला नाहीत. पण घरात आईचा विषय पुन्हा काढला नाहीत. माझ्याशी तरी बोलायचं होतंत, नाना!

उत्तर आज देते. आई गोळीनं गेली की दुखावलेल्या हृदयानं, हे कोणताच लेख सांगू शकत नाही. लेख शेकडो माणसांचा असतो, आई एकटी होती. "नाही" म्हणून तुमचं समाधान केलं असतं, तर ते खोटं ठरलं असतं. "हो" म्हणणंही खोटंच. "माहीत नाही, नाना," एवढंच म्हणून तुमच्या शेजारी बसायला हवं होतं.

यापुढे जे मला ठाऊक नाही, ते समोरच्याला तसंच सांगेन. आणि सांगून झाल्यावर उठून जाणार नाही.

तुमची लेक,
कुंदा