नमुना ठेवत नाही म्हणणारे

३ फेब्रुवारी

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

कवळ्यांच्या लॅबमध्ये आता पुढचे दात माझ्याकडे दिलेत. म्हणजे दाखवायचे दात मी घडवते. खायचे कोण घडवतो ते विचारू नका.

एक सल्ला हवाय. आमचं वसतिगृह लॅबचं, वायफायही लॅबचंच. नेटवर कोण कुठे जातं ते मॅनेजरांना दिसतं. शेजारची बाई दुसरी नोकरी शोधत होती, आठवड्यात तिचं बाक रिकामं झालं. मलाही काही वाचायचं असतं. काय ते सांगणार नाही, पण त्यांना कळलं तर माझंही बाक जाईल.

म्हणून व्हीपीएन घेतलं. हा एक आडमार्ग असतो. त्यावरून गेलं की वायफायवाल्याला आपण दिसत नाही. पण मार्ग ज्याचा, त्याला दिसतोच. जाहिरातीत सगळेच म्हणतात, आम्ही नोंद ठेवत नाही. सध्या फुकटचं वापरते, दोन विकतची पाहून ठेवलीत. तिघांची माहिती आणि माझा ग्राहक क्रमांक सोबत लिहिलाय. तुम्ही जन्मभर लोकांची कुलपं उघडलीत, कोणी कधी संशय घेतला नाही. असा माणूस ओळखायचा कसा?

मामींना नमस्कार.
तुमची भिंगरी

९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

आधी बघ, फुकट देणाऱ्याची चूल कशावर पेटते? मालकाचा पत्ता आहे का? बाहेरच्यांकडून तपासणी करून घेतलीय का? विकतच्या एकाने परक्या तपासनिसांचा अहवाल छापलाय, तो मी पूर्ण वाचला. दुसऱ्याने नुसत्या शपथा घेतल्यात.

आमच्या धंद्यात आणखी एक परीक्षा असे. प्रत्येक किल्लीवाला म्हणतो, मी किल्लीचा नमुना ठेवत नाही. मग त्याच्याकडे माणूस पाठवायचा आणि कुलूप न दाखवता गेल्या वर्षीची हरवलेली किल्ली पुन्हा मागायची. दिली, की समजायचं, नमुना ठेवलाय.

तसंच केलंय. विकतच्या दोन्हींवर खाती उघडून चार दिवस भटकलो. मग तिघांना कळवलं, की मी विसरभोळा, कुठे कुठे गेलो त्याची यादी पाठवा. फुकटच्याला तुझा क्रमांक दिला. मामी म्हणते, मला रिकामपण मानवलंय.

तुझा मामा

१३ फेब्रुवारी

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

माझा क्रमांक का दिलात? यादी आलीच तर उघडू नका. हात जोडून सांगते.

भिंगरी

१६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र एक दिवस उशिरा पोचलं. अहवालवाल्यांनी कळवलं, की पाठवायला आमच्याकडे काही नाहीच. शपथवाले अजून गप्प आहेत. फुकटच्याने लगेच अकरा पानं पाठवली, वर आभार मानले. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या होत्यास.

दोष माझाही आहे. पहिल्याच ओळीवर थांबायला हवं होतं, मी दीड पान वाचलं. कंपवात, हाताची थरथर, थरथर लपवण्याचे उपाय. एवढी घाबरली होतीस आणि एकटीच. मला फार वाईट वाटलं.

आता माझं ऐक. डोळ्यांमुळे दुकान बंद केलं असं मी सगळ्यांना सांगितलं, ते खरं नाही. माझा हात थरथरतो. डॉक्टर म्हणाले, हा कंपवात नाही, घराण्यात चालत येणारी थरथर आहे, औषधाने आवरते. तुझीही तीच असेल असं मी सांगू शकत नाही, दाखवावं लागेल. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ये, मी सोबत येतो. हे मामीलासुद्धा माहीत नाही, तू बोलू नकोस.

मामा

२० फेब्रुवारी

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

फुकटचं काढून टाकलं, अहवालवालं घेतलं. तुमच्यावर रागावले आहे. दीड पान म्हणजे फार झालं. पण तुमचं पत्र वाचून पहिल्यांदाच झोप लागली.

त्या शनिवारी येते. मामींना तुम्हीच सांगा. आणि एकच विचारते, खरं लिहा. थरथर सुरू झाल्यावर किती वर्षं काम केलंत?

भिंगरी

२४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

नऊ वर्षं.

मामीला काल सांगितलं. तिने मान वर न करता सांगितलं, की तिला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. तेव्हापासून ती मला चहाचा कप अर्धाच भरून देते, आणि मी मनातल्या मनात तिला चिकट म्हणत होतो.

शनिवारी तीही येतेय.

मामा