अडीच गुणिले अडीच

पेडगाव, मंगळवार, २३ सप्टेंबर १९५८. संध्याकाळ.

आज पाचवीच्या वर्गात माझी चांगलीच फजिती झाली, आणि मी अजून हसतोय. दशांशांचा गुणाकार शिकवत होतो. फळ्यावर २.५ गुणिले २.५ मांडलं, पंचवीसला पंचवीसनं गुणून ६२५ आणले आणि ठिपका ठोकून दिला, ६२.५. ऐटीत मागं वळलो.

तर खिडकीजवळची काशी उभी. हिला मेंढ्यांमागं जावं लागतं, आठवड्यातनं तीन-चार दिवसच शाळेत येते.

"गुर्जी, इतकं कसं व्हईल? दोन अडीचे पाच, अन् अडीचाचं निम्मं सव्वा. सव्वासहाच व्हायलेत की!"

ठिपक्यापुढची घरं दोन्ही आकड्यांची मोजायची, मी एकाचंच मोजलं होतं. राग आला? आला, क्षणभर. गेल्या आठवड्यात मीच दटावलं होतं, दशांश आले, आता पावकी-अडीचकीचे जुने पाढे विसरा. हिनं ऐकलं नाही, म्हणून तर वाचलो!

खडू तिच्याच हातात दिला. माझा ठिपका तिनं अंगठ्यानं पुसला आणि सहाच्या पुढं असा ठसठशीत दिला, की शेवटच्या रांगेतनंही दिसावा. पोरांनी टाळ्या पिटल्या. मीही.

शाळा सुटल्यावर फळा पुसला, पण तेवढा ठिपका ठेवला. का, कुणास ठाऊक.

उद्या आधी माझा हुकूम मागं घ्यायचा, मग वर्गाकडून अडीचकी म्हणून घ्यायची. पण बारा अडीचे तीसच्या पुढं मलाच येत नाही.

काशी उद्या येईल ना?